भाषांतरातला लाल बैल

एका शब्दासाठी दोनशे किलोमीटर जाण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. जानेवारीतला शुक्रवार होता. हदगावच्या बसस्थानकात नांदेडची गाडी उभी होती. काचांवर दव साचलं होतं. कंडक्टर दारात उभा राहून येईल त्याला सांगत होता, "बसून घ्या, बसून घ्या, सुटून राहिली गाडी." (आमच्या हदगावकडे असंच बोलतात. लातूरकडे हीच गाडी 'सुटायली' असते.)

कशासाठी निघाले होते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. मला इंग्रजी आलं ते गायकवाड सरांमुळे. सर मूळचे लातूरचे, ख्रिस्ती. हदगावच्या शाळेत वीस वर्षं होते. शाळा सुटल्यावर आम्हा तीन मुलींना ते वऱ्हांड्यात बसवून शिकवायचे, आणि त्याबद्दल त्यांनी आमच्या घरचा कधी चहासुद्धा घेतला नाही. आज मी त्याच गावात ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. निवृत्त झाल्यावर सर लातूरला परतले. तिथे ते दर रविवारी छोट्याशा मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांपुढे, प्रवचन करतात.

दिवाळीनंतर त्यांनी मला एक इंग्रजी पुस्तिका पाठवली. "मराठीत करून दे. माझ्या डोळ्यांची ऑपरेशनं आहेत, मला जमणार नाही." सरांनी काहीतरी मागितलं, याचाच मला एवढा आनंद झाला की मी ती दोन आठवड्यांत संपवली.

विषय मला अगदी नवा होता. युरोपातल्या अनेक देशांची मिळून एक संसद आहे, तिच्या दारात बैलावर बसलेल्या बाईचा पुतळा आहे. ग्रीक पुराणातली ही राजकन्या. तिकडच्या नाण्यांवरही ती आहे म्हणे. पुस्तिका लिहिणाऱ्या परदेशी उपदेशकाचं म्हणणं असं, की पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेवटच्या भागात जगाच्या अंताच्या खुणा सांगितल्या आहेत. तिथे एका भयंकर प्राण्यावर जांभळी वस्त्रं ल्यालेली एक बाई बसलेली दिसते. तीच ही बाई. आजच्या राजसत्तांनी जुन्या पुराणातली चिन्हं दारात उभी केली आहेत, म्हणजे शेवट जवळ आला आहे.

मी प्रामाणिकपणे शब्दाला शब्द लावत गेले. तो प्राणी लाल रंगाचा आहे, असं इंग्रजीत होतं. चित्रात तर बैल दिसत होता. मराठी शास्त्रात त्याला काय म्हणतात हे उघडून पाहायचं मला सुचलं नाही. मी लिहिलं, 'लाल बैल'. पुस्तिकेत तो नऊ ठिकाणी आला, नऊ ठिकाणी तेच लिहिलं. सरांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. तसंच छापलं गेलं आणि गावोगावच्या मंडळ्यांत वाटलंही गेलं.

बुधवारी सरांचा फोन आला. "सुमन, तुझ्या बैलानं इकडं घोटाळा केलाय. शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या गावात आपला याकोब आहे, त्याच्याकडं लाल कंधारी बैल आहे. त्याची आई म्हणते, हाच तो, घरात नको. शनिवारी व्यापारी न्यायला येतोय."

नांदेड-लातूरकडच्या वाचकांना लाल कंधारी सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: कंधारकडची ही गुरांची जात. वीटभट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटेसारखा गडद तांबडा रंग, मोठे शांत डोळे. आमच्या भागात 'लाल बैल' म्हटलं की दुसरं काही डोळ्यांपुढे येतच नाही. मी याच मातीतली, आणि हे मला लिहिताना कळू नये!

नांदेडला उतरून स्थानकाबाहेर पोहे खाल्ले. लातूरची गाडी लगेच मिळाली, खिडकीही मिळाली. लोह्याला एक आजीबाई चढल्या आणि तुरीच्या शेंगांची पिशवी पायाशी ठेवून शेजारी बसल्या. मी पुस्तिका काढून चुका मोजत होते. मुखपृष्ठावर तो पुतळा होता. आजींनी वाकून पाहिलं, मग चित्राला बोट लावून ते कपाळाला लावलं.

"पारबती हाय ना गं? नंदीवर बसल्याली?"

मी काय सांगणार? म्हटलं, "नाही आजी, परदेशातली बाई आहे."

"परदेशात बी नंदी हाय का?" त्यांना फार आनंद झाला. "बगा, देव कुटंबी जातो." अहमदपूर येईपर्यंत त्या मला शेंगा सोलून देत होत्या. उतरताना त्यांनी पुन्हा एकदा त्या मुखपृष्ठाला हात जोडले. ज्या चित्राने एका गावात घबराट केली होती, त्याला अहमदपूरच्या गाडीत नमस्कार मिळाला, हे सरांना सांगायचं मी मनाशी ठरवलं.

चाकूर गेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं, हरभरा गुडघ्याच्या खाली, ज्वारी डोक्याच्या वर. लातूर जवळ आलं की आधी वास येतो. डाळमिलमध्ये भरडल्या जाणाऱ्या तुरीचा तो कोरडा, खमंग वास. मग क्लासेसच्या पाट्या लागतात, चौकाचौकात हसणाऱ्या मुलामुलींचे फोटो. एका फोटोखाली 'शेतमजुराची कन्या' असं लिहिलं होतं. स्थानकावरून सरांच्या घराकडे निघालेली रिक्षा पुढे गेली तरी मी मान वळवून तो फोटो बघत राहिले.

सर काळा चष्मा लावून फाटकातच उभे होते. मी पाया पडले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "सर, चूक झाली."

"झाली. आधी जेव."

काकूंनी ज्वारीची भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवताना मी बसमधल्या आजीची गोष्ट सांगितली, तेव्हा सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले आणि काकू रागावल्या, "अहो, डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावू नका म्हटलंय!"

जेवणानंतर अंगणात बसलो. मनात होतं ते मी विचारून टाकलं. "सर, तुम्हाला खरंच वाटतं का, तो पुतळा म्हणजे शेवटची खूण आहे?"

सर म्हणाले, "शेवट येणार यावर माझा विश्वास आहे. प्रभू परत येणार यावर तर फारच. पण तो कोणत्या दारातून येणार हे मी सांगू शकत नाही. मी तरुण असताना एक उपदेशक यायचे. मालावर बारकोड आले तेव्हा ते म्हणाले, ही त्या प्राण्याची खूण. मग कॉम्प्युटर आला, तेव्हा तोच. आता मोबाईल."

"मग पुस्तिका कशाला काढली?"

"कारण प्रश्न खरा आहे. एवढी मोठी संसद, एवढे शिकलेले लोक, आणि दारात उभं करायला त्यांनाही पुराणच लागतं. का लागतं?"

"आपल्या कोर्टातसुद्धा तराजूवाली बाई असते की."

"तीही तिकडचीच देवी. तिच्यावर कुणी पुस्तिका काढली, तर वकील घाबरतील." मग ते गंभीर झाले. "चिन्ह बघून माणसानं जागं व्हावं एवढंच मला हवं होतं. इथं तर एका घरातली बैलजोडी फुटायची वेळ आली."

शनिवारी सकाळी सर आणि मी नळेगावमार्गे शिरूर अनंतपाळला पोहोचलो. तिथून पुढे रिक्षा. रिक्षावाल्याने सरांना ओळखलं. "सर, याकोबकडं का? त्या बैलाचं कायतरी ऐकायलाव आमी. चावतो म्हणं?"

"चावत नाही," सर म्हणाले. "छापलाय."

रिक्षावाल्याने मान डोलावली. त्याला काय कळलं कोण जाणे.

याकोबचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, पुढे स्वच्छ सारवलेलं अंगण. चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. आम्हाला बघताच धावत आला.

"मॅडम, तुमीच का त्या भाषांतरवाल्या? लई बरं झालं आलाव. मायला तुमीच समजावा. मी बोललो की म्हणती, तू लई न्हाई शिकल्याला, गप बस."

गोठ्यात जोडी बांधलेली होती. दोघंही तांबडे, पण लाल्या, ज्याच्यावर आळ आला होता तो, जास्त गडद. याकोबने त्याला कंधारच्या सोयऱ्याकडून दोन दातांचा, म्हणजे कोवळा गोऱ्हा असताना आणला होता. या जोडीवरच त्याची सहा एकरांची पेरणी. "एक गेला की दुसरा चालत न्हाई मॅडम," तो हळूच म्हणाला. "त्याला बी ठावं हाय. काल वैरण टाकली तशीच हाय." खरोखरच दुसऱ्या बैलासमोरचा कडबा तसाच पडला होता.

शांताबाई, म्हणजे याकोबची आई, ओसरीवर बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक, ताठ. पाटावर पुस्तिका ठेवलेली. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला पोतं दिलं आणि सरळ विषय काढला.

"मला वाचता येत न्हाई. याकोबानं वाचून दाखवलं. लाल बैलावर बाई बसंल, तिच्या अंगावर जांभळं आसंल, अन् मंग शेवट. व्हय का न्हाई?"

"हो, पण..."

"थांब. दुसऱ्याच दिशी ही रिबेका" - दारामागून सहा वर्षांची नात डोकावत होती - "नवा फ्रॉक घालून लाल्याच्या पाठीवर बसली. कसला फ्रॉक? सांग गं पोरी."

"जांभळा," रिबेका अभिमानाने म्हणाली.

याकोब दुसरीकडे बघू लागला. मला हसू आलं, पण म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघून विरलं. तिने नातीला ओढून आपल्याजवळ बसवलं. बैलाची भीती नव्हती ती. ती नातीसाठी घाबरली होती.

मी म्हटलं, "आजी, शास्त्रात बैल नाही. मी चुकीचा शब्द लिहिला."

"मंग छापला कसा?"

"मी लिहिला म्हणून."

"छापल्यालं खोटं आसतंय व्हय?"

माझे वडील रस्त्यावर पडलेला छापील कागदसुद्धा उचलून कोनाड्यात ठेवायचे, पाय लागू द्यायचे नाहीत. शिकलेली माणसं छापतात, म्हणजे ते खरंच असणार, या विश्वासावर त्यांनी मला शिकवलं. आता तोच विश्वास समोर बसला होता आणि मला तो चुकीचा आहे असं सांगायचं होतं.

"असतं आजी. हे माझ्यामुळं आहे."

"किती शिकलीस?"

"एम.ए."

"एम.ए. शिकून चुकती?"

"एम.ए. शिकून मोठी चूक करता येते," सर म्हणाले. याकोब फिस्सकन हसला.

मग सरांनी शास्त्र उघडलं आणि तो भाग मोठ्याने वाचला. त्या किरमिजी प्राण्याला सात डोकी, दहा शिंगं. वाचून झाल्यावर शांताबाई काठी घेऊन उठल्या आणि गोठ्यात गेल्या. आम्ही मागोमाग. लाल्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि फुर्रकन श्वास सोडला.

"सात तोंडं?"

"सात," सर म्हणाले.

"एका तोंडाला कडबा पुरंना झालाय." आम्ही सगळे हसलो, पण त्या हसल्या नाहीत. वळून म्हणाल्या, "पर सर, तुमीच तर सांगितलं व्हतं. खूण जशीच्या तशी दिसत न्हाई, अर्थ लावावा लागतोय. मंग दहा शिंगाचा अर्थ काय ते मला काय ठावं? दोन शिंगात दहा मावत असतील."

आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाला त्याच्याच धड्यातून प्रश्न आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. मी म्हटलं, "आजी, त्या पुतळ्याची मूळ गोष्ट सांगू? शास्त्रातली नाही, तिकडच्या पुराणातली."

"सांग."

"एक राजकन्या होती. युरोपा नावाची. समुद्राकाठी फुलं वेचत होती. तिकडच्या देवांच्या राजाचं तिच्यावर मन गेलं. आहे तसा गेला असता तर ती पळाली असती, म्हणून त्यानं बैलाचं रूप घेतलं. शांत, देखणा बैल. तिनं त्याच्या गळ्यात फुलं घातली, पाठीवर बसली. आणि तो तिला घेऊन समुद्रात शिरला. पार दुसऱ्या किनाऱ्याला नेलं. त्या मुलखाला तिचंच नाव पडलं."

"लाल बैल व्हता?" याकोबने विचारलं.

"नाही, पांढरा."

"मंग खिलारी आसंल," तो समाधानाने म्हणाला. (खिलार ही पांढऱ्या बैलांची जात. लाल कंधारीवाल्यांचं आणि खिलारवाल्यांचं फारसं पटत नाही.)

शांताबाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. "म्हंजी त्यो बैल नव्हताच."

"नव्हता."

"गडी व्हता. लबाड."

"देव होता आजी, त्यांचा."

"कुणाचा का आसंना. पोरीला फसवून नेलं त्यानं, अन् पुतळ्यात उबा कोण? बैल." काठी आपटून त्या म्हणाल्या, "बैलाचं सोंग घेतल्यालं हाय ते. मुक्या जनावराच्या नावावर आपलं पाप घातलं. मंग आमच्या बैलाचा काय गुन्हा?"

पुढे होऊन त्यांनी लाल्याच्या कपाळावर हात ठेवला. मग त्यांनी खाली पडलेला कडबा उचलून आधी दुसऱ्या बैलाच्या तोंडाशी धरला. त्याने खाल्ला.

ओसरीवर आल्यावर म्हणाल्या, "आता दुरुस्त कर. माज्यासमोर."

मी पेन काढलं. प्रत्येक 'लाल बैल' खोडून वर लिहायला लागले. त्या बोट ठेवून बघत होत्या. "काय लिवायलीस?"

"श्वापद."

"शापद?"

"श्वापद. म्हणजे रानटी, हिंस्र प्राणी."

"शापद," त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं आणि मान हलवली. "बराबर हाय. त्यात शापच हाय. बैलात कुटं शाप आसतो?"

मी इथपर्यंत आले होते शब्द दुरुस्त करायला, आणि त्याचा अर्थ मला या बाईंनी सांगितला. नऊही जागा दुरुस्त होईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. व्यापारी करीमभाई उतरले, खांद्यावर दोर. याकोबचा चेहरा पडला, कारण शब्द त्याने दिला होता. शांताबाई उठून उभ्या राहिल्या.

"करीमा, ये, जेवाय बस. बैल मिळणार न्हाई."

"अम्मा, ये क्या बात हुई? याकोबनं जबान दिलीय."

"जबान चुकीच्या शब्दावर दिल्याली हाय. ह्या पोरीनं लिवला. एम.ए. हाय."

मला सगळी हकिकत सांगावी लागली. करीमभाई आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. दहा शिंगांपाशी आल्यावर त्यांनी दोर खाली ठेवला. "दहा शिंगाचा असता, तर मी टेम्पो पण आणला नसता. कुठून चढवायचा?" मग गोठ्याकडे बघून म्हणाले, "सच बोलू का अम्मा, जोडी फोडायला माझं पण मन नव्हतं. जोडी फोडलेला बैल नव्या घरी आठ दिवस ओरडतो. पुढं कधी जोडीच विकायची झाली तर मला आधी सांगा."

याकोबच्या बायकोने, दयाने, भज्जी केली होती. (लातूरकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, करतात ती, हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची घट्ट भाजी.) येळवस होऊन गेली होती, पण दया म्हणाली, "पाव्हण्यांसाठी परत केली." बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, आणि रानातून आणलेला हुरडा. करीमभाई, सर, मी आणि रिबेका एका ओळीत बसलो. रिबेकाने मला विचारलं, "मॅडम, मी लाल्यावर बसू का?" सगळ्यांनी शांताबाईंकडे पाहिलं.

"बस," त्या म्हणाल्या. "पर समुद्राकडं गेला तर उतर."

रविवारी लातूरहून नांदेडच्या गाडीत बसले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. सकाळचं प्रवचन आटोपून सर स्थानकापर्यंत आले. त्यांनी उरलेल्या सगळ्या प्रती परत मागवायचं ठरवलं होतं, आणि ज्या वाटून झाल्या त्यांच्यासाठी एक चिठ्ठी छापायची होती. ती मी लिहावी, असं ते म्हणाले. मी घाबरून म्हटलं, "मीच?" तर म्हणाले, "मग कोण? तुझाच बैल आहे."

सरांचा विश्वास मला पूर्ण पटला असं मी म्हणणार नाही. मी वेगळ्या घरातली आहे, आमचे देव वेगळे. पण संसदेच्या दारातल्या पुतळ्यापासून शिरूरच्या गोठ्यापर्यंत एखादा शब्द कसा चालत जातो, हे मला कुठल्याही वर्गात कळलं नसतं. मोठी माणसं चिन्हं उभी करतात, शिकलेली माणसं त्यांचे अर्थ लावतात, आणि मधे माझ्यासारखी कुणीतरी बसून लिहिते. वाचणाऱ्याच्या दावणीला काय बांधलेलं आहे, हे तिने विचारायला हवं. मी विचारलं नव्हतं.

चाकूर सोडल्यावर गाडी कमी हलू लागली, तेव्हा वही मांडीवर घेऊन मी चिठ्ठी लिहिली आणि लोह्याच्या अलीकडे सरांना फोनवर वाचून दाखवली:

"शुद्धिपत्र. पुस्तिकेत जेथे जेथे 'लाल बैल' असे छापले आहे, तेथे 'किरमिजी रंगाचे श्वापद' असे वाचावे. चूक भाषांतरकर्तीची आहे. वाचकांच्या घरच्या बैलांचा या भविष्याशी काहीही संबंध नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं फोन कट झाला.

"आहे, आहे," सर म्हणाले. "चूक शोधत होतो. सापडत नाही."